फटके कुठे गळतात? हौशी गोल्फमधल्या कच्च्या जागांचा शोध

गोल्फच्या पूर्ण मैदानावर १८ होल मिळून पार बहुधा ७० ते ७२ असतो. निष्णात खेळाडूने तेवढ्या फटक्यांत फेरी संपवावी अशी अपेक्षा असते. ७२ पारच्या मैदानावर ९५ फटके घेणाऱ्या हौशी खेळाडूच्या खात्यावर २३ फटके जास्तीचे जमा होतात. ते एका ठिकाणी पडत नाहीत. दोन-तीन झाडीत जातात, एखादा पाण्यात, चार-पाच ग्रीनच्या कडेच्या गवतात, काही खुद्द ग्रीनवर. फेरीनंतर क्लबच्या व्हरांड्यात चहा घेताना आज काय बिघडले असे त्याला विचारले, तर उत्तर बहुधा एकाच शब्दाचे येते: पटिंग.

हे उत्तर बरेचदा चुकीचे असते, आणि त्याला कारण आहे. तीन फुटांवरून हुकलेला पट सगळ्यांच्या देखत, पूर्ण शांततेत हुकतो. त्याची भरपाई करायला पुढचा फटकाही उरत नाही, त्यामुळे तो मनात रुतून बसतो. उलट पहिलाच फटका झाडीत जावा आणि तिथून फांद्यांच्या फटीतून चेंडू बाहेर काढावा, तर घरी सांगितली जाते ती सुटकेची गोष्ट; झाडीत जाण्याची नव्हे. कार्डावर मात्र तीन फुटांचा पट आणि दोनशे यार्डांचा ड्राइव्ह यांची किंमत एकच, एक फटका. आठवणीवर विसंबून सरावाची दिशा ठरवणारा खेळाडू म्हणूनच वर्षानुवर्षे भलतीच जागा दुरुस्त करत राहतो.

आठवणीऐवजी आकडे ठेवण्याची रीत जुनी आहे. किती फेअरवे सापडले, किती ग्रीन वेळेत गाठली (पार चारच्या होलवर दोन फटक्यांत, पार पाचच्या होलवर तीन फटक्यांत), एकूण पट किती, या तीन नोंदी अनेक जण कार्डाच्या कोपऱ्यात करतात. त्यातला पटांचा आकडा विशेष फसवा आहे. एका खेळाडूने दहा ग्रीन वेळेत गाठली, पण प्रत्येक वेळी चेंडू होलपासून तीस-चाळीस फूट लांब राहिला, म्हणून त्याचे ३५ पट झाले. दुसऱ्याला दोनच ग्रीन गाठता आली. उरलेल्या सोळा वेळा त्याने कडेवरून चेंडू चिप करून होलजवळ आणला आणि ३१ पटांत काम भागवले. आकड्यावरून दुसरा पटिंगमध्ये सरस दिसतो. प्रत्यक्षात त्याचे पट जवळचे होते, एवढेच. त्याचा खरा रोग लांबून ग्रीन न सापडण्याचा आहे आणि पटांच्या आकड्याने तो झाकला जातो.

हा गुंता सोडवला तो मार्क ब्रॉडी यांनी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया बिझनेस स्कूलमधले हे प्राध्यापक वित्तशास्त्रातल्या गणिती पद्धतींचे अभ्यासक. अमेरिकेतल्या पीजीए टूरच्या स्पर्धांमध्ये प्रत्येक फटक्याचे अंतर टिपणारी शॉटलिंक ही यंत्रणा चालते. तिच्या लक्षावधी नोंदी त्यांनी वापरल्या. अमुक अंतरावरून, अमुक जागेवरून चेंडू होलात जायला सरासरी किती फटके लागतात याचे कोष्टक तयार झाले. मग प्रत्येक फटक्याचे मोल काढणे सोपे होते. फटक्याआधीच्या सरासरीतून फटक्यानंतरची सरासरी वजा करायची आणि मारलेल्या फटक्याचा एक वजा करायचा. उत्तर शून्याच्या वर आले तर कमाई, खाली आले तर तोटा. या मोजणीला स्ट्रोक्स गेन्ड असे नाव पडले. पीजीए टूरने २०११ मध्ये ती आधी पटिंगसाठी स्वीकारली आणि ब्रॉडी यांनी २०१४ मध्ये ‘एव्हरी शॉट काउंट्स’ या पुस्तकात सामान्य गोल्फरसाठी ती मांडली.

उदाहरणाने हे स्पष्ट होते. टूरच्या खेळाडूंना ४०० यार्डांच्या होलवर टीपासून सरासरी ३.९९ फटके लागतात. ड्राइव्ह २६० यार्डांवर फेअरवेत पडला तर १४० यार्ड उरतात आणि तिथून सरासरी २.९१ आहे. म्हणजे या ड्राइव्हची कमाई ०.०८. पुढचा फटका ग्रीनवर, होलपासून २० फुटांवर थांबला. तिथली सरासरी १.८७, म्हणून कमाई ०.०४. पहिला पट चार फूट अलीकडे राहिला (तिथली सरासरी १.१३) आणि पाव फटक्याचा तोटा झाला, दुसरा पट पडला आणि त्यातला निम्मा भरून निघाला. कार्डावर नुसता ४ लिहिला जातो, पण बेरीज सांगते की टी आणि फेअरवेवर थोडे कमावले आणि पहिल्या पटाच्या वेगात त्याहून जास्त घालवले. तोच ड्राइव्ह त्याच अंतरावर रफमध्ये गेला असता तर सरासरी ३.१५, म्हणजे ०.१६ चा तोटा. ग्रीन दिसूच नये अशा झाडीत गेला असता तर जवळजवळ ०.८ चा.

या मोजणीतून निघालेला सर्वांत गाजलेला निष्कर्ष हौशी खेळाडूंच्या पिढीजात समजुतीला धक्का देणारा होता. ‘ड्राइव्ह दिखाव्यासाठी, पट कमाईसाठी’ या अर्थाचे वचन जगभरच्या क्लबांत ऐकू येते. ब्रॉडी यांच्या आकड्यांप्रमाणे चांगल्या आणि सुमार खेळाडूतला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांपलीकडच्या फटक्यांत पडतो. ग्रीनभोवतीचा खेळ आणि पटिंग मिळून उरलेला एक तृतीयांश. अर्थात ही सरासरी आहे. एखाद्याचा लांबचा खेळ ठीक असतो आणि बंकरमध्ये गेल्यावर त्याची वाचा बसते. आपली कच्ची जागा कोणती, हे पाहण्यासाठी आपल्याच नोंदी हव्यात.

त्यासाठी क्लबच्या मुठीला लावायचे महागडे सेन्सर नसले तरी चालते. खिशातली छोटी वही पुरते. प्रत्येक होलवर चार-पाच गोष्टी टिपायच्या: टी-फटका कुठे गेला (फेअरवे, डावा रफ, उजवा रफ, की दंड), ग्रीनकडचा फटका कुठल्या अंतरावरून मारला आणि चुकला तर कोणत्या बाजूला, ग्रीनच्या आसपासून किती फटके लागले, पहिल्या पटाचे अंतर पावलांत, आणि एकूण पट. एका फेरीवरून काहीच सिद्ध होत नाही. वारा असतो, खेळाडूची झोप झालेली नसते, एखादा चेंडू नशिबाने झाडाला आपटून फेअरवेत येतो. पाच-सहा फेऱ्यांनंतर चित्र उमटू लागते, दहा फेऱ्यांनंतर त्यावर विसंबता येते.

हँडिकॅपचा आकडा या कामी उपयोगी नाही. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठांची सरासरी घेतली जाते आणि होलवर फार मोठा आकडा झाला तरी नेट डबल बोगीपलीकडचे (हँडिकॅपची सूट धरून पारपेक्षा दोनहून जास्त) फटके हिशेबात धरले जात नाहीत. ही रचना स्पर्धेच्या न्यायासाठी योग्यच आहे. खेळाडूला चांगल्या दिवशी काय जमू शकते हे ती सांगते. पण नऊ-दहा फटक्यांचे जे होल खेळ बुडवतात, त्यांनाच ती कात्री लावते. वहीत मात्र ते होल पूर्ण लिहिलेले असतात आणि शोध त्यांच्यापासूनच सुरू करावा लागतो.

नव्वदीत खेळणाऱ्याची वही उघडली की पहिली गोष्ट बहुधा हीच दिसते: त्याचे फटके बोगींमध्ये (पारपेक्षा एक फटका जास्त) गळत नाहीत, डबल आणि ट्रिपल बोगींमध्ये गळतात. अठराही होलवर बोगी केली तरी ९० होतात. ९५ करणाऱ्याने चार-पाच होल सरळ पारमध्ये केलेले असतात आणि तेवढ्याच होलवर घर जाळलेले असते. या मोठ्या आकड्यांमागे दंड, झाडीतून हट्टाने ग्रीनकडे मारलेला फटका आणि चेंडूमागची जमीन खणणारे दोन लागोपाठ चिप, अशी साखळी सापडते. हद्दीबाहेर गेलेल्या किंवा हरवलेल्या चेंडूला एक दंड तर होतोच, शिवाय मूळ जागेवरून पुन्हा मारावे लागत असल्याने अंतरही जाते. २०१९ च्या नियमबदलानंतर चेंडू शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात. महाराष्ट्रात जुलै-ऑगस्टमध्ये रफ गुडघ्याला लागतो तेव्हा ती तीन मिनिटे फार लवकर संपतात.

यातले बरेचसे स्विंगचे दोष नाहीत, निर्णयाचे आहेत. निर्णय सुधारायला ना रेंजवर जावे लागते ना घाम गाळावा लागतो, पण याच सुधारणेकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कोणत्याही खेळाडूचे फटके एका रेषेत जात नाहीत. छर्ऱ्यांच्या बंदुकीसारखे ते पसरतात. पीजीए टूरवरचे खेळाडूही सरासरी दहातले सहाच फेअरवे गाठतात आणि १५० ते १७५ यार्डांवरून त्यांचा चेंडू होलपासून साधारण २८ फुटांवर थांबतो. हौशी खेळाडूचा पसारा याहून कितीतरी मोठा. तरीही तो ग्रीनच्या कडेला, बंकरमागे लावलेल्या झेंड्यावर नेम धरतो. नेम ग्रीनच्या मध्यावर धरला की पसाऱ्यातला मोठा भाग ग्रीनवर पडतो. झेंड्यावर धरला की निम्मा बंकरमध्ये.

दुसरी नेहमीची चूक क्लब निवडण्यात होते. एकदा वाऱ्याच्या साथीने सात नंबरचे आयर्न १५० यार्ड गेले की खेळाडू जन्मभर तेच आपले अंतर धरून चालतो. दहा चेंडू मारून मधल्या पाचांची सरासरी काढली तर ती १३५-१४० भरते. शिवाय मोजायला हवे ते चेंडू हवेतून कापतो ते अंतर, घरंगळण्यासकटचे नव्हे. उन्हाळ्यात कडक जमिनीवर चेंडू वीस यार्ड पळतो, पावसाळ्यात पडतो तिथेच रुततो. वहीत ‘अलीकडे पडला’ अशी नोंद वारंवार दिसली, तर स्विंगला हात लावण्याआधी एक पायरी लांब क्लब (सात नंबरऐवजी सहा) काढून पाहावा. बंकर आणि पाणी बहुतेक वेळा ग्रीनच्या पुढ्यात असल्याने या एका बदलाची किंमत चांगलीच वसूल होते. उंचीवरच्या विरळ हवेने अंतर बदलते असे म्हणतात आणि ते खरेही आहे. पण पुण्याच्या ५६० मीटर उंचीवर मुंबईच्या तुलनेत १५० यार्डांच्या फटक्यामागे जेमतेम तीन यार्ड वाढतात. तेवढ्यावर दोष ढकलता येत नाही.

निर्णय ठीक असूनही चेंडू एकाच बाजूला जात राहिला तर मात्र दोष तंत्रात आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्यांमध्ये सर्वांत पसरलेला विकार म्हणजे स्लाइस, उजवीकडे वळत जाणारा फटका. त्याचे निदान अनेक दशके उलटे शिकवले गेले. चेंडू क्लबच्या मार्गाच्या दिशेने सुटतो आणि मग क्लबच्या तोंडाच्या दिशेने वळतो, असे मानत. रडार आणि वेगवान कॅमेऱ्यांनी नेमके उलट दाखवले: चेंडू सुटण्याची दिशा मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबचे तोंड कुठे आहे त्यावर ठरते, आयर्नमध्ये सुमारे तीन चतुर्थांश आणि ड्राइव्हरमध्ये त्याहूनही जास्त. चेंडू वळतो तो तोंड आणि मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. मार्गाच्या तुलनेत तोंड उजवीकडे उघडे असले की चेंडू उजवीकडे वळतो. हे माहीत नसलेला खेळाडू उजवीकडे जाणाऱ्या चेंडूवर उपाय म्हणून आणखी डावीकडे तोंड करून उभा राहतो. त्यामुळे क्लबचा मार्ग आणखी डावीकडे जातो, तोंड आणि मार्गातली फट रुंदावते आणि स्लाइस वाढतो. उपाय बहुधा मुठीत सापडतो. डावा हात क्लबवर थोडा उजवीकडे फिरवून धरला की तोंड बंद व्हायला मदत होते.

मूठ बदलण्याआधी एक साधी तपासणी करावी. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर ठिपका द्यावा आणि तो भाग क्लबकडे ठेवून मारावा. ठिपका क्लबच्या तोंडावर उमटतो. तो टाचेकडे, म्हणजे दांड्याजवळ उमटत असेल तर आघाताने ड्राइव्हरचे डोके किंचित फिरते आणि चेंडूला उजवीकडे वळण्याची फिरकी मिळते. अशा खेळाडूची मूठ आणि मार्ग दोन्ही ठीक असू शकतात. त्याला फक्त चेंडूपासून किंचित लांब उभे राहण्याची गरज असते. नावाने एकच दिसणाऱ्या विकाराची ही दोन वेगळी कारणे आहेत. मित्राने दिलेला सल्ला एकाला लागू पडतो आणि दुसऱ्याला बिघडवतो तो याचमुळे.

आयर्नचा सामान्य दोष वेगळा आहे. चांगल्या खेळाडूच्या झोक्याचा तळ चेंडूच्या काही इंच पुढे येतो, त्यामुळे क्लब आधी चेंडूला लागतो आणि मग मातीला. डिव्हट, म्हणजे क्लबने उखडलेल्या गवताचा खळगा, चेंडूच्या पुढे पडतो. हौशी खेळाडूचा तळ चेंडूमागे येतो. मग एकतर माती आधी लागते, किंवा माती टाळण्याच्या धडपडीत क्लबची धार चेंडूच्या मध्यावर बसते. जाड आणि पातळ हे दोन परस्परविरुद्ध दिसणारे फटके एकाच चुकीची अपत्ये आहेत. घडी केलेला टॉवेल चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर ठेवून, त्याला न लागता मारण्याचा सराव हा दोष उघड करतो आणि वजन पुढच्या पायावर येऊ लागले की सुधारतोही. ग्रीनजवळच्या चिपमध्ये बिघडते तेही बहुतेक हेच.

पटिंगकडे वळताना आधी अपेक्षा जमिनीवर आणाव्या लागतात. टूरचे खेळाडूही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात आणि वीस फुटांवरून सातातला एखादा. दहा फुटांचा पट हुकला म्हणून डोके धरून बसणारा हौशी खेळाडू जगातल्या सर्वोत्तमांनाही बहुतेकदा न जमणाऱ्या गोष्टीचे दुःख करत असतो. त्याचे फटके खरोखर गळतात ते तीन पटांच्या होलवर, आणि तीन पटांचे मूळ बहुधा दिशेत नसून पहिल्या पटाच्या वेगात असते. तीस-चाळीस फुटांवरून रेषा हातभर चुकली तरी चेंडू होलपासून हातभरच राहतो. वेग चुकला की सात-आठ फूट राहतात. नासात काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ आणि पुढे पटिंगचे शिक्षक झालेले डेव्ह पेल्झ यांनी, होल नसता तर चेंडू सुमारे १७ इंच पुढे जाऊन थांबावा, हा वेग सर्वांत लाभाचा ठरवला. लांब पटांचा सराव होलकडे न मारता ग्रीनच्या कडेकडे मारून करता येतो: चेंडू कडेला शक्य तितका जवळ थांबवायचा. तिथे होलच नसल्याने लक्ष आपोआप वेगावर राहते. छोट्या पटांसाठी कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांचे निरीक्षण उपयोगी आहे. कुशल खेळाडूची नजर फटक्याआधी चेंडूवर अधिक काळ स्थिर असते. नवशिक्याची होल आणि चेंडू यांच्यात भिरभिरते.

बंकरबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तिथे चेंडूला मारायचे नसते, त्याच्या दोनेक इंच मागच्या वाळूला मारायचे असते आणि स्विंग अर्ध्यात थांबवायचा नसतो. तासाभराच्या शिकवणीत बहुतेकांची भीती जाते.

कच्ची जागा सापडल्यावर सराव कसा करायचा, हा प्रश्न निराळा आहे. रेंजवर एकाच क्लबने एकाच दिशेला पन्नास चेंडू मारले की शेवटचे वीस सुरेख जातात आणि खेळाडू समाधानाने घरी जातो. रविवारी मैदानावर त्यातले काही उरत नाही. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये दाखवलेल्या परिणामाशी हे जुळते. एकच हालचाल ओळीने गिरवणारे सरावात चांगले दिसतात, पण वेगवेगळ्या हालचाली मिसळून करणाऱ्यांच्या हाती ते कौशल्य पुढे जास्त टिकते. म्हणून नवा बदल अंगवळणी पडेपर्यंत थोडे चेंडू सलग मारावेत. त्यानंतर प्रत्येक चेंडूला क्लब आणि लक्ष्य बदलावे, ओळखीच्या मैदानाचे होल मनात खेळावेत. लक्ष कुठे ठेवावे याबाबतही संशोधन आहे. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पिचचा फटका नवशिक्यांना शिकवला. एका गटाने हातांच्या हालचालीकडे लक्ष दिले, दुसऱ्याने क्लबच्या झोक्याकडे. दुसऱ्या गटाचे फटके सरावातही आणि नंतरच्या चाचणीतही अधिक अचूक पडले. कोपर, मनगट, खांदा असे शरीराचे सुटे भाग जुळवत बसणाऱ्या हौशी खेळाडूसाठी हा मोठाच दिलासा आहे.

एका वेळी एकच जागा हाती घ्यावी. आठवड्यातून दोन तास मिळत असतील तर त्यातला निम्मा वेळ तिला आणि उरलेला बाकी खेळ गंजू नये म्हणून. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाच-सहा फेऱ्यांच्या नोंदी काढून आधीच्यांशी ताडून पाहाव्यात. एकूण फटके लगेच कमी होतीलच असे नाही; स्विंगमधला बदल सुरुवातीला दोन-चार फटके वाढवतोही. पाहायचे ते नेमके त्या रकान्यात: दंडाचे फटके तीनावरून दीडवर आले का, ‘अलीकडे पडला’ ही नोंद विरळ झाली का. हँडिकॅप उशिराने हलतो, कारण वीस फेऱ्यांच्या खिडकीतून जुन्या चांगल्या फेऱ्या बाहेर पडायला आणि नव्या आत यायला वेळ लागतो. महिन्याला दोन फेऱ्या खेळणाऱ्याला ती खिडकी पूर्ण बदलायला दहा महिने लागतात. तोवर वहीत दुसराच एखादा रकाना भरू लागलेला असतो.